मुकुल किती वाजता सापडला

दुर्गाघाट, वाराणसी
२९ जानेवारी

दादा,

तू माझा नंबर ब्लॉक केलास, निनादचा केलास, सईचाही केलास. म्हणून हे कागदावर. फाडायचं असेल तर फाड, पण वाचून फाड.

आधी महत्त्वाचं. मुकुल जिवंत आहे. उजवा हात मनगटाच्या वर मोडलाय, सहा आठवडे प्लास्टर. बाकी ठणठणीत. आत्ता आतल्या खोलीत आत्याशी भांडतोय की मला खिचडी पुरे झाली, काहीतरी चमचमीत दे.

म्हणजे सव्वीस तारखेला सकाळी सहा पन्नासला मी तुला जो मेसेज केला, ‘मुकुल गेला’, तो खोटा होता. का केला ते ऐक, शिव्या नंतर दे.

त्या दिवशी शर्यत होती. तुझीच शर्यत, तू सुरू केलेली, सव्वीस जानेवारीची. सकाळी आपलं शेंडेफळ मुकुल गच्चीवर सायकलच्या साखळीला तेल घालत होता. कोहरा इतका की समोरच्या गच्चीवर वाळत टाकलेलं धोतर दिसेना. त्या कोहऱ्यातून एक कावळा आला तो थेट मुकुलच्या डोक्यावर. पंजे लागले, केस ओढले आणि गेला. मुकुल हसत हसत खाली आला, “आत्या, कावळ्यानं टपली मारली गं मला.” आत्याच्या हातातलं दुधाचं पातेलं खाली.

पुढचं तुला सांगायला नको, पण सांगते, कारण तू म्हणशील हिनं डोकं गहाण टाकलं होतं. कावळा डोक्याला लागला की मरण शिवून गेलं. ते चुकवायचं तर मरणाला फसवायचं. लांबच्या आप्ताला कळवायचं की अमुक गेला. त्यानं दोन टिपं गाळायची, झालं, मरण येऊन गेलं. मग संध्याकाळी कळवायचं की बाबा रे, खोटं होतं, माणूस सुखरूप आहे. आपल्या आजोबांसाठी अशी तार गेली होती म्हणून आत्याच सांगते. मी शाळेत मुलींना फिजिक्स शिकवते दादा, मला काय हे पटतं? पण आत्या उंबऱ्यात आडवी बसली. “कळवल्याशिवाय मुकुल बाहेर पडणार नाही.” खाली पिकअप हॉर्न वाजवत होती. मी कळवलं.

संध्याकाळी ‘खोटं होतं’ हे कळवायचं राहिलं. पाऊस, गारा, जंगलात नेटवर्क नाही, मुकुल पडला, दवाखाना, माझ्या फोनची बॅटरी. एका दिवसात माणसानं किती काय सांभाळायचं? सत्तावीसला सकाळी नऊला मी कळवलंच ना. तोवर सईनं ग्रुपवर मुकुलच्या प्लास्टरचा फोटो टाकला आणि तू तो पाहिलास, त्याला मी काय करू? मला तर माहीतच नव्हतं की तू अजून त्या ग्रुपवर आहेस. चार वर्षं एक शब्द नाही, आणि ग्रुप मात्र सोडला नाहीस!

“जौनपूरहून परत जातोय.” एवढं लिहिलंस आणि दार लावलंस. जौनपूर, दादा. दीड तासाची वाट. रागातसुद्धा माणूस दीड तास पुढे येऊन रागावतो.

अंबू


४ फेब्रुवारी

दादा,

स्पीडपोस्टच्या पावतीवरचा नंबर पोस्टाच्या साइटवर घालून पाहिलं. पत्र एक तारखेला कऱ्हाडला तुझ्या हातात पडलंय. म्हणजे वाचलंस. मी ओळखते ना तुला, तू औषधाच्या खोक्यातला कागदसुद्धा शेवटपर्यंत वाचतोस. उत्तर नाही. ठीक आहे, मीच बोलते.

यंदा आम्ही चौघंच. मुकुल, मी, रेल्वेतला निनाद आणि विद्यापीठातली सई. सायकली बिंदुमाधवच्या पिकअपमध्ये, तोच मग रिकामी गाडी सडकेनं वर आणणार. हवामानवाल्यांनी गारा सांगितल्या होत्या. निनाद म्हणाला, पुढच्या रविवारी करू, काय बिघडतंय. मुकुल म्हणाला, “सव्वीसची शर्यत सव्वीसलाच. दादानं कधी पुढे ढकलली होती?” घ्या! चार वर्षांत घरात तुझं नाव निघालं नाही, आणि निघालं ते इथं. रामनगरच्या पुलावर सगळ्यांचे फोन बंद करून बिस्किटांच्या डब्यात. तोही तुझाच नियम.

चकियाच्या पुढच्या बंधाऱ्यावरून साडेनऊला सुटलो. वर धबधब्यापर्यंत अठरा किलोमीटर, तीच जंगलवाट. मुकुल सगळ्यांत पुढे, मग निनाद, मग मी, शेवटी सई. पाचव्या किलोमीटरला पाऊस आला आणि तो आडवा आला. मुकुलचं लाल जाकीट वळणावर दिसायचं आणि कोहऱ्यात जायचं. मग गारा सुरू झाल्या. हेल्मेटवर असा आवाज की कुणी हाक मारली तरी ऐकू येऊ नये. बोटं इतकी बधिर की ब्रेक दाबतेय की नुसतं धरून बसलेय ते कळेना. उतारावर मागचं चाक दोनदा सुटलं. मी घाबरले नाही असं लिहिणार होते, पण घाबरले. हँडल धरून मोठमोठ्यानं रामरक्षा म्हणत होते. नाल्यात घोट्याएवढं पाणी लागलं. माझ्यामागून दहा मिनिटांनी सई आली तिला मांडीपर्यंत लागलं.

साडेअकराला वर पोचले. निनाद पिकअपच्या आडोशाला चहासाठी स्टोव्ह पेटवत होता. म्हटलं, “मुकुल कुठाय?”

“तुझ्यामागे असेल. गारांत कुठेतरी मागे पडला असेल.”

“माझ्यामागे कसा असेल? तो पुढे होता.”

निनादनं हातातली काडेपेटी खाली ठेवली. मग सई आली. तिनंही पाहिला नव्हता. सगळ्यांच्या पुढे गेलेला माणूस पोचला नाही, आणि मागच्या तिघांपैकी कुणालाही वाटेत भेटला नाही. अशा वेळी डोक्यात काय येतं सांगू? मी सकाळी लिहिलेले दोन शब्द. दादा, ते माझ्या हातचे होते.

निनाद आणि बिंदुमाधव उलट वाटेनं खाली गेले. सई कड्यावरून हाका मारत होती. मदतीला कुणाला तरी बोलवावं म्हणून मी डब्यातून फोन काढला आणि नेटवर्कसाठी वरच्या खडकावर चढले. सव्वाबारा वाजले होते. फोन लागल्याबरोबर तुझे मेसेज एकापाठोपाठ. कधी. कसा. अंबू बोल. अंबू फोन उचल. तेरा मेसेज. आणि चौदावा यायच्या आत तुझा फोनच आला.

तू पुण्याला विमानतळावर होतास. तुझा आवाज मी ओळखलाच नाही आधी. तू एकच वाक्य बोललास, “मी येईपर्यंत नेऊ नका.”

मला कळलं तू काय म्हणतोयस. बाबांच्या वेळी तुझी गाडी मुगलसरायच्या अलीकडे उभी होती, आणि इकडे मणिकर्णिकेवर मुकुलनं अग्नी दिला. तू थोरला, आणि चार तासांसाठी तुझं राहून गेलं. तेराव्याला तू त्याला जाब विचारलास, तर तो गाढव म्हणाला, “तुझाच नियम आहे दादा, मागच्यासाठी थांबायचं नाही.” तू पिशवी उचललीस. जिन्यातून म्हणालास, “यापुढे तुमच्यातलं कुणी गेलं तरी मला कळवू नका.”

आता तूच सांग, मी त्या खडकावरून काय बोलायला हवं होतं? “अरे, खोटं आहे, कावळा लागला म्हणून लिहिलं”? आणि तासाभरानं नाल्यात तो सापडला असता तर? खोटं म्हणवेना, खरं म्हणवेना. खाली सई ‘मुकुल, मुकुल’ करत होती, ते तुलाही ऐकू आलं असेल. तुला ते रडणं वाटलं असेल. मी म्हटलं, “ये.” आणि फोन तुटला.

मुकुल पहिल्या नाल्यापाशीच चुकला होता. गारांत वाट दिसेना म्हणून गुरांच्या पायवाटेनं डावीकडे गेला, आणि सायकलीसकट नाल्यात. वरच्या अंगाला म्हशीवाल्यांची झोपडी आहे. तिथल्या म्हाताऱ्यानं त्याला काठी धरायला देऊन ओढून काढलं. निनादनं आम्हाला हाक दिली तेव्हा स्वारी शेकोटीपाशी पोत्यात गुंडाळून बसली होती, डाव्या हातानं दूध पीत. आम्हाला बघून विचारतो काय, “कोण जिंकलं?” मी त्याच्या थोबाडीत मारणार होते. रडूच आलं मला. म्हातारा म्हणाला, “काहे रोवत हऊ बिटिया, भइया त ठीक हउवन.”

हे असं झालं. आता तरी कळलं ना, माझा दोष किती आणि नशिबाचा किती?

अंबू


१५ फेब्रुवारी

दादा,

पोस्टकार्ड मिळालं. पोस्टमननं हसतच दिलं, म्हणाला आजकाल कोण पाठवतं. वर ना ‘प्रिय’, ना ‘अंबू’. खाली ना सही. मध्ये एक ओळ. ‘मुकुल किती वाजता सापडला?’

झालं? मी दोन पत्रं लिहिली, हात दुखेपर्यंत, आणि तुला वेळ पाहिजे. तू कॉलेजात मुलांच्या वह्या अशाच तपासत असशील, उत्तर सोडून मार्जिन मोजत.

बरं, ऐक. घड्याळ कुणी बघितलं होतं? उशीर झाला होता. दिवस कलला होता. अंधारच म्हण ना. जानेवारीतला दिवस, त्यात जंगल. मग तिथून पिकअप, पिकअपमधून दवाखाना. तुला मी केव्हा कळवणार होते?

आणि विचारायचंच असेल तर दुसरं विचार. ते तू विचारलं नाहीस, मीच सांगते. आत्यानं मला तुझं नाव सांगितलं नव्हतं. आत्या म्हणाली होती, इंदूरच्या विष्णुकाकांना कळव. विष्णुकाका पंचाहत्तरीचे, त्यांना ही रीत पाठ. सकाळी दोन टिपं गाळली असती, संध्याकाळी पेढे मागितले असते. मी जिन्यात उभी राहिले, काकांचं नाव काढलं, आणि त्याच्या वर तुझं होतं. चार वर्षांत एकदाही न उघडलेलं. ‘कुणी गेलं तरी कळवू नका’ म्हणालास ना? म्हटलं, बघू या, खरंच म्हणाला होता का. मुकुल गेला. घे. बस आता कऱ्हाडला.

रागानं केलं. मला वाटलं होतं तू उत्तरही देणार नाहीस, आणि मग मला तुझ्यावर मोकळेपणानं राग धरता येईल. तू लगेच निघशील असं माझ्या स्वप्नातही नव्हतं.

आत्याला अजून वाटतं, इंदूरला कळवलं होतं. मुकुलला तर यातलं काहीच माहीत नाही. त्याला एवढंच माहीत, की आत्यानं काहीतरी सोपस्कार केला. झालं तुझं समाधान?

अंबिका


१६ फेब्रुवारी

दादा,

काल लिहिलं ते खोटं आहे. पत्र टाकून आले आणि चहा गिळवेना. शाळेतही गेले नाही. हे आजच्या आज टाकते, दोन्ही एकाच दिवशी तुला मिळाली तर आधी हे वाच.

मुकुल सव्वादोनला सापडला. दुपारी सव्वादोन. मी घड्याळ पाहिलं होतं. अंधार नव्हता, उलट पाऊस थांबून जरा ऊन पडलं होतं.

तीनला आम्ही चकियाच्या रस्त्याला लागलो, तेव्हा फोनला सगळं नेटवर्क होतं. बॅटरीही निम्मी शिल्लक होती. मुकुल माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपला होता. मी तुझं नाव काढलं. ‘सुखरूप आहे’ असं लिहिलंसुद्धा. तेवढ्यात तुझा मेसेज आला, ‘बसलो विमानात.’ आणि मी लिहिलेलं पुसलं.

विचार करून पुसलं, दादा. झोपेत नाही, घाईत नाही. मी म्हटलं, आता हा निघालाय. चार वर्षांत पहिल्यांदा याचं तोंड इकडे झालंय. आता ‘सुखरूप आहे’ म्हटलं तर हा दिल्लीला विमान बदलतानाच वळेल. येऊ दे. दारात उभा राहू दे. मुकुल समोर दिसला की कुठला राग आणि कुठलं काय, दोघं गळ्यात पडतील, आत्या दोघांना ओवाळेल, आणि मी सगळ्यांच्या शिव्या खाईन. मला शिव्यांचं काही वाटलं नसतं. मी तर त्या ऐकायला तयार होऊन बसले होते. तुझ्या खोलीतली गादी उन्हात टाकता आली नाही याचंच वाईट वाटत होतं. दवाखान्यातून आल्या आल्या मी तुझ्या उशीला नवा अभ्रा घातला. बघ, किती मूर्ख असावं माणसानं.

मग आठला तुझा फोन. हे मी पहिल्या पत्रात लिहिलं नाही, दुसऱ्यात नाही, कालही नाही. तुला वाटलं असेल हिला आठवत तरी आहे का. शब्दन् शब्द आठवतो. बनारसला कोहरा म्हणून विमान लखनौला उतरवलं होतं. मागे लोकांचा गलका. तू विचारलंस, “कुठे ठेवलंय त्याला?”

मी म्हटलं, “घरीच आहे.”

“आत्या?”

“त्याच्याजवळ बसलीय.”

दोन्ही खरं होतं. तो घरीच होता, आणि आत्या त्याच्याजवळ बसून त्याला खिचडी भरवत होती. मी स्वयंपाकघराच्या दारातून त्यांना बघत बघत तुझ्याशी बोलत होते. तू रडत होतास. आम्ही लहानपणापासून तुला कधी रडताना पाहिलं नाही, बाबांच्या वेळीही नाही. मी ऐकत होते. एक शब्द बोलले असते तर तू थांबला असतास. “दादा, तो जेवतोय.” एवढाच. तो माझ्या तोंडापर्यंत आला होता, शपथ. आणि मी म्हटलं, “सावकाश ये.”

सावकाश ये! हे म्हटलं मी तुला.

सकाळी सईनं कौतुकानं फोटो टाकला. मुकुल दात काढून हसतोय, प्लास्टरवर निनादनं ‘विजेता’ लिहिलंय. तिला बिचारीला काय माहीत. तू जौनपूरला कुठल्या टपरीवर तो उघडला असशील, आणि फोटोत मागे घड्याळही होतं, सकाळचे आठ चाळीस. तेव्हा तुला सगळं कळलं असेल, फक्त एक सोडून. रात्री मी फोन घेतला तेव्हा तो सापडला होता की नव्हता. तेवढ्यासाठी तू पोस्टकार्ड टाकलंस. म्हणजे तुला अजून आशा होती, की नसेल सापडला. की अंबू तेव्हा खरंच घाबरलेली असेल, ‘घरीच आहे’ हे घाबरूनच म्हणाली असेल.

सापडला होता दादा. पावणेसहा तास झाले होते.

कावळ्यासाठी खोटं बोलायची रीत आहे. ते खोटं संध्याकाळपर्यंत चालतं. त्यानंतर बोलले ते कुठल्याही रीतीत बसत नाही, ते माझं एकटीचं. तू तिथं परक्या लोकांत उभा राहून रडत होतास आणि मला आतून बरं वाटत होतं, की याला अजून आमचं काहीतरी वाटतं. हे लिहितानाही माझी मला किळस येतेय.

माफ कर असं मी म्हणणार नाही. मी तुझ्या जागी असते तर केलं नसतं.

अंबिका


२५ फेब्रुवारी

दादा,

हे पत्र पोस्टानं येणार नाही. ज्याच्या हातून येतंय तो तुझ्यासमोर उभा आहे.

सोळा तारखेचं पत्र टाकून घरी आले आणि मुकुलला सगळं सांगितलं. कावळा, इंदूर, तू, पुणे, लखनौ, सव्वादोन, आठ. त्यानं ऐकून घेतलं आणि उठून गेला. दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. आपला मुकुल, ज्याला दोन मिनिटं गप्प बसायचे पैसे द्यावे लागतात! तिसऱ्या दिवशी मी भाजी निवडत होते, तर समोर येऊन बसला.

“खरंच रडला तो?”

म्हटलं, “हो.”

“किती वेळ?”

“तुला काय मोजून सांगू का?”

मग तो जे बोलला ते तुला तो स्वतः सांगणार नाही. जीभ जाईल पण सांगणार नाही, म्हणून मी सांगते. तो म्हणाला, “ताई, बाबांच्या वेळी मी नियम वगैरे काही मनात आणलं नव्हतं. मी घाबरलो होतो. चार माणसं म्हणाली उचला, मी उचललं. गुरुजी म्हणाले अग्नी दे, मी दिला. दादाची वाट बघू या, एवढं म्हणायचं धैर्य मला झालं नाही. आणि तेराव्याला तो विचारायला लागला तेव्हा घाबरलो होतो हे सांगायची लाज वाटली, म्हणून तोंडाला येईल ते बोललो.” चार वर्षं, दादा. चार वर्षं हा गाढव एवढं एक वाक्य पोटात घेऊन लोकांच्या घरी सत्यनारायण सांगत फिरला.

आत्यालाही सांगावं लागलं. मला वाटलं आता कोसळेल. तिनं विचारलं, “म्हणजे इंदूरला कळवलंच नव्हतंस?” म्हटलं, नाही. “मग मुकुलसाठी रडलं कोण?” म्हटलं, दादा. तर ती म्हणते कशी, “तरीच वाचला. विष्णूच्या दोन टिपांनी काय होणार होतं? त्याला मेलं कांदा चिरतानाही येतात.” देवापुढे दिवा लावला आणि मला म्हणाली, “तू मात्र पाप केलंस हो अंबे.” दोन्ही एका दमात. मी दोन्ही मान्य केलं.

काल मुकुलनं तिकीट काढलं. मी म्हटलं, हात बरा होऊ दे, प्लास्टर निघायला अजून दोन आठवडे आहेत. म्हणाला, “तो माझं तोंड बघायला जौनपूरपर्यंत आला होता. मेलेलं बघायला आला होता, जिवंत बघून चिडला तर चिडू दे.” निनाद सोबत जातो म्हणाला, तर नको म्हणाला. पत्ता मी दिला. तुला कळवायला माझ्याकडे वाट नव्हती, आणि खरं सांगू, असती तरी कळवलं नसतं. आता माझ्या कळवण्यावर तू तरी कसा विश्वास ठेवणार?

या पत्रात काय आहे ते त्याला माहीत नाही. त्याच्यासमोर वाचू नकोस. माझ्यावरचा राग तसाच ठेव, तो मला पुरेल, मी कुठे पळून जात नाही. दार मला लाव, जन्मभर लाव. त्याला लावू नकोस.

कऱ्हाडला गाडी पहाटे पोचते. तिथून तो रिक्षा करणार नाही, पत्ता विचारत चालत येईल, तुला माहीत आहे तो कसा आहे. उजवा हात गळ्यात आहे, आणि आत्यानं इतकं काय काय दिलंय की बॅग दोन हातांनीही उचलत नाही. तो दारात काही बोलेल किंवा नुसता उभा राहील. तू आधी त्याच्या हातातली बॅग घे.

अंबू